आर-नऊची पिल्लं

निपलच्या टोकाला लटकलेला पाण्याचा थेंब बावीस सेकंद पडला नाही.

श्रुतिकाने घड्याळ लावून मोजलं होतं. चाळीस कोंबड्यांच्या कप्प्यात पिण्याच्या नळीला आठ निपल असतात आणि प्रत्येकाला सतत कुणाची ना कुणाची चोच लागत असते. थेंब धरतो आणि चार सेकंदांच्या आत कुणीतरी तो टिपतं. हे तिने आधीच्या तीन चाचण्यांत इतक्यांदा पाहिलं होतं, की थेंब लटकलेला दिसताच तिचा हात आपोआप घड्याळाकडे गेला. आवाज बंद झालाय, हे तिच्या ध्यानात आलं ते त्यानंतर.

डी कप्प्यातले एकूण एक पक्षी उभे होते. खाद्याच्या भांड्यापाशी कुणी नव्हतं, तुसात कुणी बसलेलं नव्हतं. सगळ्यांची तोंडं उत्तरेच्या भिंतीकडे होती. त्या भिंतीवर चुना आणि आग विझवायची लाल नळकांडी, याखेरीज काही नव्हतं. शेजारच्या ए, बी आणि सी कप्प्यांत नेहमीची कलकल चालू होती, त्यामुळे डी कप्प्यातली शांतता कापून वेगळी काढल्यासारखी वाटत होती.

मग एकाने मान खाली घातली, थेंब टिपला, आणि सगळं पूर्ववत सुरू झालं. श्रुतिकाने वहीत लिहिलं: दिवस तेविसावा, चार वाजून दहा मिनिटं, डी, बावीस सेकंद.

"मॅडम, काल पण असंच झालेलं," मागून निधी म्हणाली. निधी तिची सहायक, घाटकोपरची, दीड वर्षापूर्वी एमएस्सी करून लागलेली. "मला वाटलं मलाच भास झाला. म्हणून नाही बोलले."

"किती वाजता?"

"चहाच्या आधी. म्हणजे चार-सव्वाचार. यांनी अलार्म लावलाय की काय?"

मरोळच्या औद्योगिक वसाहतीत तळमजल्यावरच्या एका गाळ्यात हे चार कप्पे होते. वर प्रयोगशाळा, खाली पक्षी. ए मधली पिल्लं निरोगी. बाकी तिन्ही कप्प्यांतल्या पिल्लांना पाचव्या दिवशी ई. कोलायची बाधा मुद्दाम दिलेली. त्यातल्या बी ला काहीच उपचार नाही. सी ला नेहमीचं अँटिबायोटिक. आणि डी ला पहिल्या दिवसापासून पाण्यातून आर-नऊ.

आर-नऊ म्हणजे एका कोंबडीच्या पोटातले उपकारक जंतू. त्यामागचा विचार साधा होता आणि श्रुतिका तो परिषदांमध्ये एकाच पद्धतीने सांगायची. कोंबडी अंड्यांवर बसते तेव्हा फुटलेल्या कवचातून बाहेर आलेलं पिल्लू आईच्या पंखाखाली शिरतं, तिने उकरलेलं खातं, तिच्या विष्ठेत चोच घालतं, आणि दोन दिवसांत आईच्या आतड्यातले चांगले जंतू त्याच्या आतड्यात वस्तीला येतात. वाईट जंतूंना मग जागाच उरत नाही. ब्रॉयलरचं पिल्लू यंत्रात उबतं. त्याला आई भेटत नाही, त्याचं आतडं रिकामं घर असतं, पहिला येईल त्याचं. म्हणून त्याला औषधं लागतात, म्हणून जंतू औषधांना सरावतात, आणि सरावलेले जंतू माणसांच्या इस्पितळांपर्यंत पोचतात. "आम्ही औषध देत नाही," ती शेवटी म्हणायची. "आम्ही पिल्लाला आई देतो." लोक या वाक्याला टाळ्या द्यायचे.

त्या परिषदांत एक गोष्ट ती कधी सांगायची नाही. आठ वर्षांपूर्वी तिच्या वडिलांचं, दशरथ परबांचं, मांडीचं हाड मोडलं आणि ऑपरेशनच्या जखमेत जंतू शिरले. रिपोर्टवर बारा औषधांची नावं होती आणि त्यांतल्या अकरांपुढे निरुपयोगी असा शेरा होता. बाराव्याने काम केलं. वडील चालत घरी आले, पुढे तीन वर्षं जगले आणि झोपेत गेले. तो रिपोर्ट श्रुतिकाच्या टेबलाच्या खणात अजून होता.

आणि आर-नऊ ज्या कोंबडीतून काढला, ती तिच्या आईची होती. रत्नप्रभाबाई दहिसरला नदीकाठच्या बैठ्या चाळीत शेवटच्या खोलीत राहायच्या, मागे हातभर अंगण. तिथे त्यांनी गावाहून आणलेली एक तांबडी कोंबडी पाळली होती. अडीच वर्षांपूर्वी श्रुतिका तिची विष्ठा छोट्या डबीत भरून घेऊन गेली तेव्हा आई पदर तोंडाला लावून हसली होती.

*

श्रुतिकाने आधी सगळी साधी कारणं तपासली. चार दहाला कुठल्या कारखान्याचा भोंगा होतो का? नाही. विमान? विमानं दर तीन-चार मिनिटांनी जात होती, पक्ष्यांना त्यांचं काही नव्हतं. पंख्याचा टायमर, दिव्यांचा टायमर, कॅन्टीनची लिफ्ट, सगळं पाहिलं. माणसाला ऐकू न येणारे आवाज टिपणारं यंत्र वरच्या मजल्यावरून आणून दोन दिवस लावलं. चार दहाला त्यावर काहीच उमटलं नाही. मग तिने डी आणि बी च्या जागा बदलल्या. पक्षी नव्या कप्प्यातही चार दहाला उभे राहिले आणि उत्तरेकडेच वळले. आता त्या बाजूला भिंत नव्हती, सी कप्पा होता. सी मधले पक्षी खात राहिले आणि डी मधले त्यांच्या पलीकडे बघत राहिले.

आकडे मात्र तिने नऊ वर्षांत पाहिले नव्हते इतके चांगले होते. बी मधले एकवीस जगले होते, सी मधले तेहतीस. डी मध्ये एकोणचाळीस.

"एकोणचाळीस," कंपनीचे मालक सुबोध सामंत म्हणाले. ते पार्ल्याचे, साठीचे, श्रुतिकाला त्यांनीच नोकरीला घेतलं होतं. "अँटिबायोटिकच्या वर सहा. श्रुतिका, हे आपण दोघं पेन्शनीत निघेपर्यंत पुरेल. पस्तिसाव्या दिवशी चाचणी बंद, पक्षी कापून आतड्यांचे नमुने घे आणि मला कारखान्यासाठी सही दे. एप्रिलमध्ये माल निघायला हवा."

"सर, ते चार दहाचं..."

"उभे राहतात. राहू दे ना. पडत नाहीत ना?" ते हसले. "तू त्यांना नावं नाही ना ठेवलीस?"

पस्तिसावा दिवस आला तेव्हा श्रुतिकाने अडतीसची तारीख घातली. अजून तीन दिवसांची वजनं हवीत, असं कारण लिहिलं. निधीने ते वाचलं आणि फाइल बंद केली.

अडतिसाव्या दिवशी, गुरुवारी, चार दहा वाजले आणि डी कप्प्यात काहीच झालं नाही. चार वीस. साडेचार. श्रुतिकाने वही मिटली, वर जाऊन नमुन्यांच्या बाटल्या मांडाव्यात म्हणून ती वळली, आणि तिच्या पाठीमागे आवाज थांबला. चार वाजून त्रेचाळीस मिनिटं झाली होती.

संध्याकाळी तिने मुलुंडच्या घरून आईला फोन केला. रोजचाच फोन. चाचण्या चालू असताना श्रुतिका दहिसरला जात नसे, तो तिच्या कामाचा नियमच होता. पक्ष्यांवर काम करणाऱ्याने दुसऱ्या कोंबड्या असलेल्या घरात पाऊल टाकायचं नाही, आजार कपड्यांवरून येतो. दिवाळीपासून एकामागून एक तीन चाचण्या झाल्या, ही चौथी. आईच दोनदा मुलुंडला येऊन गेली होती.

"जेवलंस?" आईने विचारलं.

"जेवते. तू काय केलंस दिवसभर?"

"काय करतलंय? आज नळ उशिरा इलो. भांडी ऱ्हवली, सगळाच लांबला. कोंबयेक हाक मारूक पण पावणेपाच झाले."

रोज चारच्या सुमारास आई मागच्या दारात बसते आणि तांदळाच्या पत्र्याच्या मापट्यावर बोटाने तीनदा टकटक करते, हे श्रुतिकाला लहानपणापासून ठाऊक होतं. गावच्या घरातही तसंच होतं. तोंडाने हाक मारायची पद्धत त्यांच्या घरात नव्हती, मापटंच वाजवायचं.

"आई, रोज तू किती वाजता हाक मारतेस?"

"रेडिओवरच्या बातम्ये संपले काय. चार-धा. कित्या गो?"

तिने एक गोष्ट मागितली. उद्या चारला वाजवायचं नाही. दहा ते दोनच्या मध्ये मनाला येईल तेव्हा वाजवायचं, वेळ कागदावर लिहून ठेवायची आणि कुणाला सांगायची नाही.

"माका येड लागला काय, सकाळच्या वक्ताक मापटा वाजवूक?"

"माझ्या कामासाठी पाहिजे."

"तुझ्या कामासाठी म्हटल्यार बरां," आई म्हणाली.

शुक्रवारी श्रुतिका मुद्दाम वर बसून राहिली. खाली निधी होती, तिला यातलं काही ठाऊक नव्हतं, फक्त पक्षी गप्प झाले तर वेळ लिही, एवढंच सांगितलं होतं. साडेचारला निधी वही घेऊन वर आली.

"मॅडम, आज येडचाप वेळेला झालं. अकरा सत्तावीस. आणि चारला काहीच नाही."

श्रुतिकाने फोन लावला. आईने चष्मा शोधला, कागद शोधला, आणि वाचून दाखवलं. अकरा वाजून सत्तावीस. आणि दहिसर मरोळच्या उत्तरेला होतं.

"काय झालं?" निधीने विचारलं. "तुमचा चेहरा असा का झालाय?"

"काही नाही. तू चहा घे."

*

रविवारी तिने नियम मोडला आणि दहिसरला गेली. पक्ष्यांचा एकेचाळिसावा दिवस होता. ब्रॉयलर इतके दिवस ठेवत नाहीत. त्यांची छाती पायांच्या आधी वाढते, अडीच-पावणेतीन किलो झाले की गुडघे धरतात. डी मधले सात-आठ जण आता बसूनच असायचे. चार दहाला तेसुद्धा उठायचे, आणि ज्यांना उठवत नसे ते पंख टेकून स्वतःला उत्तरेकडे फिरवून घ्यायचे. प्रत्येक जादा दिवस त्यांना दुखत होता, आणि प्रत्येक जादा दिवशी खाली तिचीच सही होती.

मागच्या अंगणात कोंबडी झाकायची वेताची डालगी उपडी पडली होती. तिच्यावर कोळ्याचं जाळं होतं.

"कोंबडी कुठे आहे?"

"मेली गो," आई म्हणाली. "दिवाळीच्या चार दिवसांनी. म्हातारी झालेली. त्या जांभळीच्या मुळात पुरलंय."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"सांगलंय असता तर तू म्हटलं असतंस, आता कोंबी नाय, चल मुलुंडाक ऱ्हवाक. माका ह्या घर सोडूचा नाय." आईने चहाचा कप पुढे सरकवला. "आणि तू इचारलंस खंय?"

"मग तू मापटं वाजवतेस कुणासाठी?"

"हात जाता. जल्माची सवय." रत्नप्रभाबाई मागच्या दाराकडे बघत होत्या. "आणि आता तर येतंत मां."

श्रुतिकाने कप खाली ठेवला. "कोण येतं?"

"दिसणत नाय कोण. पाय ऐकाक येतंत. महिनो झालो. पयले लय हलके हुते, सुक्या पानांवरसून चलल्यासारे. माका वाटला घुशी. मगे जड झाले." आईने आवाज न बदलता सांगितलं, जशी ती शेजारणीचं काही सांगायची. "ह्या चार दिवसांत तर पाय ओढतंत. काय दुखता त्यांका?"

आईला श्रुतिकाने पक्ष्यांच्या वजनाचं, पायांचं कधी काही सांगितलं नव्हतं.

चार वाजता आई मापटं घेऊन दारात बसली. बातम्या संपल्या. बोटाने पत्र्यावर तीनदा वाजलं, टक, टक, टक. अंगणात ऊन होतं, पलीकडे नदीचा काळा काठ आणि त्यामागे नव्या इमारतींची पाठ. श्रुतिकाने कान दिले. तिला काही ऐकू आलं नाही, पण जांभळीखाली पडलेली पानं, वारा नसताना, एका बाजूने दुसऱ्या बाजूला हळूहळू दबत गेली. ते दबणं पायरीपासून हातभर अंतरावर थांबलं. श्रुतिकाने नकळत घड्याळ पाहिलं. बावीस सेकंद.

"तुझ्या बाबांसाठी राखणदाराक गाऱ्हाणा घातलेलंय, ता आठवता तुका?" आईने विचारलं. "'माणूस पायान चलान घराक येवंदे. ही कोंबी आणि हिची पिलां सुरयेखाली जावची नाय.'"

राखणदार म्हणजे त्यांच्या गावच्या वेशीवरचा रक्षणकर्ता. त्याला तोंडाने दिलेला शब्द त्यांच्याकडे कागदावरच्यापेक्षा पक्का मानत.

"तिला पिल्लं झालीच नाहीत, आई."

"नाय झाली. दहिसराक कोंबो खंय मेळता? म्हणान माका वाटलेला, मी सुटलंय." आई तिच्याकडे वळली. "तू डबयेतसून तिचा काय घेवन गेलंस? शीट म्हणू नको. ता काय, ता तूच सांग. तू शिकलेली."

श्रुतिकाने सांगितलं. पिल्लू आईच्या पंखाखाली शिरतं तेव्हा त्याला आईकडून जे मिळतं, ते. परिषदेत ज्या शब्दांत सांगायची, त्याच शब्दांत सांगितलं, कारण दुसरे शब्द तिच्याकडे नव्हते.

"मगे ती पिलांच झाली," आई म्हणाली.

"कापलं नाही तर निकाल पुरा होत नाही, आई. हे औषध लाखो पक्ष्यांना जाणार आहे. बाबांसारखी माणसं..."

"माका सांगू नको. मी तुका कापू नको म्हणूक नाय. तुझ्या बाबांक त्या औषधान उठवला की राखणदारान, ता माका पण ठावक नाय." तिने मापट्यातले तांदूळ अंगणात टाकले. "पण आमच्या घरात दाणे घालणारो हात सुरी धरूक नाय कधी. मी हाक मारी, कापीत ते तुझे बाबा. मी तेवा घरात पण ऱ्हवत नसंय. हाक मारून आणूचा आणि कापूचा, ता आमच्याकडे कोणी करूक नाय." ती गुडघ्यावर हात ठेवून उठली. "फाल्यांपासून मी वाजवचंय नाय. त्यांचे पाय ऐकवणत नाय माका. तुझी पिलां. तू काय ता बघ."

मुलुंडला परतताना श्रुतिका मनात हिशेब मांडत राहिली. आर-नऊ कारखान्यात गेला तर लाखो पिल्लं त्या तांबड्या कोंबडीची होणार होती, आणि ती सगळी शेवटी सुरीखालीच जाणार होती. फ्रीजरमध्ये अजून साठ-बासष्ट कोंबड्यांचे जंतू होते. त्यातला आर-चौदा सगळ्यात जवळचा, वर्सोव्याच्या पार्वतीबाई कोळिणीच्या कोंबडीतून आलेला. मागच्या चाचणीत त्याने चाळीसपैकी एकतीस वाचवले होते. एकतीस आणि एकोणचाळीस. मध्ये आठ पक्षी. चाळिसात आठ, लाखात वीस हजार, आणि त्या वीस हजारांसाठी शेतावर पुन्हा अँटिबायोटिकची पुडी फुटणार. या आकड्यांपुढे तिच्याजवळ काय होतं? दाबली गेलेली पानं, आणि आईचं म्हणणं. सुबोध सरांना ती हे कुठल्या तोंडाने सांगणार होती? आणि सांगायचं म्हणजे आधी स्वतःला ते खरं मानावं लागणार होतं. निर्णय लांबत होता तो तिथे अडून.

*

चव्वेचाळिसाव्या दिवशी, बुधवारी, सुबोध सर स्वतः खाली आले. येताना दोन कागद घेऊन आले होते. एक चाचणी बंद केल्याचा, दुसरा आर-नऊ कारखान्याकडे सोपवल्याचा.

"पस्तीस, अडतीस, चव्वेचाळीस," ते म्हणाले. "बिचारे पांगळे झालेत, श्रुतिका. एवढं तर मलाही दिसतं. तू वाट कशाची बघतेयस?"

"चार दहा होऊ दे, सर."

"होऊ दे."

निधी भिंतीला टेकून उभी होती. घड्याळाचा काटा दहावर आला, अकरावर, पंधरावर गेला. डी कप्प्यात कलकल चालूच राहिली. सोमवारी आणि मंगळवारीही असंच झालं होतं. दहिसरला मापटं खुंटीवर टांगलेलं होतं.

"बघ," सुबोध सर म्हणाले. "गेलं तुझं भूत. आणि कप्प्याला असं चोवीस तास नाक लावून बसलीस, तर मलाही दिसायला लागेल एखादं." त्यांनी पुठ्ठ्याला लावलेले कागद आणि आपलं पेन तिच्यासमोर धरलं. "तारीख आजचीच टाक."

श्रुतिकाने पेन घेतलं. तिला हलकं वाटत होतं. आईने हात आवरला होता आणि सगळं थांबलं होतं, म्हणजे आता उरला होता तो एक चांगला निकाल आणि थकलेले पक्षी, ज्यांना आणखी थांबवून ठेवणं हाच खरा क्रूरपणा होता. आर-चौदाचा विचार तिने बाजूला सारला. तारीख आठवण्यासाठी ती क्षणभर थांबली, आणि विचार करताना माणसाचा हात काहीतरी चाळा करतो तसा तिच्या हातातल्या पेनाचा शेंडा पुठ्ठ्यावर वाजला. टक, टक, टक.

आवाज तिने केला, पण तो तिला ऐकू आला नंतर. आधी कळलं ते हे, की बाकी काहीच ऐकू येत नाहीये.

एकोणचाळीस पक्षी वळले होते. या वेळी उत्तरेकडे कुणीच बघत नव्हतं. ते तिच्याकडे बघत होते. मग ते निघाले. ज्यांना चालता येत होतं ते चालत आले, ज्यांना येत नव्हतं ते पंखांवर रेटत आले, तुसातून त्यांच्या छात्या ओढल्याचा आवाज येत होता, आणि जाळीपाशी येऊन, एकमेकांना न ढकलता, तिच्या पायांपासून हातभर अंतरावर ते थांबले. त्यांच्या मागे नळीच्या आठही निपलांना थेंब लटकलेले होते.

"बाई गं," निधी हळूच म्हणाली.

सुबोध सरांनी घसा साफ केला. "खाद्याचं भांडं वाजलंसं वाटलं असेल त्यांना," ते म्हणाले, पण ते जाळीपासून एक पाऊल मागे सरले होते. "श्रुतिका. सही."

या वेळी हाक मारणारा हात तिचा होता. तिने पेनाला टोपण लावलं आणि पुठ्ठा त्यांच्या हातात परत दिला.

"नाही, सर. हे पक्षी कापायचे नाहीत, आणि आर-नऊ मी कुणालाही देणार नाही."